पिवळे पॅड निघाले तेलाचे: स्पिल किट आणि सेफ्टीचा माल घेताना झालेली फसवणूक

ज्यांच्याकडे कंपनीत सेफ्टीचं किंवा स्टोअरचं काम आहे त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण हा माल कपाटात पडून असतो आणि खोटा आहे हे नेमकं सांडल्यावरच कळतं.

आमच्याकडे फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायची खोली आहे, शेजारीच ऑइल आणि थिनरचे ड्रम. तिथल्यासाठी स्पिल किट (सांडलेलं तेल-केमिकल शोषून घ्यायच्या पॅड वगैरेंचा डबा), केमिकलचे ग्लोव्हज, मास्कच्या कार्ट्रिज (मास्कला लावायचे फिल्टर) असं सगळं एकाच सप्लायरकडून मागवलं. सॅम्पल घेऊन आला होता ते खरंच चांगलं होतं, समोर पाणी ओतून दाखवलं, पॅडनं सगळं शोषून घेतलं. सोबत सर्टिफिकेटची जाडजूड फाइल. पूर्ण पैसे आधी, मग माल, ही त्याची अट, आणि ती का होती ते नंतर कळलं.

मग एका बॅटरीला तडा गेला आणि ऍसिड फरशीवर आलं. ड्युटीवरच्या पोरानं शिकवल्याप्रमाणे पिवळे पॅड टाकले तर पॅड वरच तरंगायला लागले, ऍसिडचे थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोल गोल घरंगळतायत, आत काहीच जात नाही आणि खालून ऍसिड गटाराच्या जाळीकडे सरकतंय. शेवटी खोलीत ठेवलेला सोडा भराभर ओतला, फेस आला, तेव्हा कुठे आवरलं. कुणाला भाजलं नाही हे नशीब. त्या पोराचा चेहरा आठवला की अजून संताप येतो, त्यानं सगळं बरोबर केलं होतं हो.

आता सप्लायरनं काय केलं होतं ते सांगतो. साधारण पद्धत अशी की पांढरे पॅड फक्त तेलासाठी, राखाडी तेल, पाणी, कूलंट असं सगळ्याला आणि पिवळे केमिकलला. पांढरे पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि पाणी धरतच नाहीत, पाण्यावरचं तेल तेवढं उचलायचं म्हणून ते तसेच बनवतात. पिवळ्यांवर प्रक्रिया केलेली असते म्हणून ते पाण्यातलं केमिकल पण शोषतात. बॅटरीच्या ऍसिडमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आम्हाला तेलाचेच पॅड पिवळा रंग देऊन विकले होते. पिवळ्या पॅडवर वाटीभर साधं पाणी ओतून बघा, घरंगळून गेलं तर तो केमिकलचा नाही. आणि ही टेस्ट सॅम्पलवर नाही, आलेल्या मालातला कुठलाही बॉक्स फोडून करा.

किटवर 120 लिटर लिहिलेलं, ते निघालं चाकाच्या डब्याचं माप! आतले पॅड, सॉक (सांडलेल्याभोवती लावायच्या लांब गुंडाळ्या), शोषायच्या उशा मिळून त्याच्या जवळपास पण शोषत नव्हते. शोषायची क्षमता किती लिटर ते क्वोटेशनमध्येच लिहून घ्या.

ग्लोव्हजचं सगळ्यात वाईट. सर्टिफिकेट खरं होतं पण दुसऱ्याच मॉडेलचं, ज्या संस्थेनं दिलंय तिला मेल केला तेव्हा हे समजलं. केमिकलच्या ग्लोव्हजच्या ईएन आयएसओ 374-1 या स्टँडर्डप्रमाणे टाइप ए म्हणजे यादीतल्या किमान 6 केमिकलना प्रत्येकी 30 मिनिटं तरी टिकायला हवा, टाइप सी म्हणजे किमान एका केमिकलला 10 मिनिटं. कागदावर टाइप ए, ग्लोव्हच्या मनगटाजवळ बारीक अक्षरात टाइप सी! टाइप ए ग्लोव्हवरच्या चिन्हाखाली कुठल्या केमिकलला टेस्ट झाली त्याची अक्षरं असतात, एल म्हणजे 96% सल्फ्युरिक ऍसिड (बॅटरीत हेच पातळ केलेलं असतं), के म्हणजे 40% कॉस्टिक सोडा, एफ म्हणजे टोल्युइन. आमच्यावर एल नव्हतंच. शिवाय केमिकलच्या ग्लोव्हवर सीई या युरोपियन मार्कशेजारी तपासणाऱ्या संस्थेचा 4 आकडी नंबर लागतो, तिथे नुसतं सीई. आपल्या केमिकलचं सेफ्टी डेटा शीट (केमिकल बनवणारी कंपनी देते तो सुरक्षेचा माहितीपत्रक कागद) काढा, सेक्शन 8 मध्ये काय घालायचं आणि सेक्शन 6 मध्ये सांडल्यावर काय करायचं ते असतं, ते समोर ठेवूनच माल जुळवा.

कार्ट्रिजच्या पाकिटावर एक्सपायरीचं स्टिकर जरा जाड वाटलं म्हणून नखानं खरवडलं तर खाली दुसरी तारीख, कधीच उलटून गेलेली. तेव्हापासून प्रत्येक तारखेवर नख फिरवतो. आणि कार्ट्रिज नुसती रंग बघून घेऊ नका, ऑरगॅनिक (थिनरसारख्या) वाफेची कार्ट्रिज युरोपियन पद्धतीत तपकिरी आणि अमेरिकन पद्धतीत काळी असते, सप्लायर या गोंधळाचा बरोबर फायदा घेतात.

सप्लायरला फोन केला तर आधी म्हणाला लोडिंगला बॉक्स बदलले, मग म्हणाला पिवळा आहे म्हणजे केमिकलचाच, आणि लेखी तक्रार दिल्यावर एकदम गोड झाला, सगळा माल परत पाठवा, बदलून देतो. कुणाला असं सांगितलं तर सगळा माल अजिबात देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे. प्रत्येक लॉटमधलं थोडं काढून दोघांच्या सह्यांनी सील करून ठेवा, लॉट नंबर आणि स्टिकरचे फोटो घ्या, आणि बाकीच्यावर 'वापरू नका' लिहून लगेच कपाटातून बाहेर काढा, नाहीतर घाईच्या वेळी कुणीतरी तेच ग्लोव्हज घालून ऍसिडमध्ये हात घालेल.