कस्टमवाल्याला म्हणे प्लास्टिकची तोफ दिसली

तोफ बसवलेल्या पिकअपचं 1/35 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, प्लास्टिकचे भाग जोडून करायचं किट स्वस्तात देतो म्हणणारा एकजण सध्या मॉडेल करणाऱ्या हौशी लोकांच्या मागं लागलाय. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यातले काहीजण त्याच्या हाती लागले, त्यात मीही. नुसते पैसे घेऊन पळाला असता तर लिहायला बसलो नसतो. त्यानं रचलेला डाव नीट समजून घेण्यासारखा आहे.

मला डायोरामा, म्हणजे मॉडेलांचा छोटा देखावा, करायचाय तो 1987 च्या चाड-लिबिया लढाईचा. चाडच्या सैनिकांनी टोयोटाच्या उघड्या गाड्यांवर मिलान ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं चढवली आणि वाळवंटात लिबियाचे रणगाडे फोडले. जानेवारीत फाडा हे गाव घेतलं, मार्चमध्ये वादी दूमचा विमानतळ. त्या लढाईला पुढं टोयोटा वॉर हेच नाव पडलं. आपल्याकडं पिकअप म्हटलं की कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवणारी गाडी डोळ्यांपुढं येते, पण मॉडेलच्या दुनियेत हौद्यात तोफ रोवलेल्या या गाड्यांना, ‘टेक्निकल’ना, मोठी मागणी आहे. मेंग या चिनी कंपनीचं 1/35 चं किट त्यातलं सगळ्यात ओळखीचं. हौद्यात 14.5 मिलिमीटरची एकनळी झेडपीयू-1 तोफ, आणि खोक्यावर टोयोटाचं नाव नाही, नुसतं पिकअप. किटमधली गाडी टोयोटाच्या लँडक्रूझरसारखी नसून तिच्याच हायलक्ससारखी आहे, तेव्हा चाडच्या देखाव्यात ती चालते का यावर जाणकार तास न् तास भांडतील. मला चालणार होती.

कोल्हापुरात राजारामपुरीत काय, महाद्वार रोडला काय, असलं किट विचारलं की रिमोटची जीप पुढ्यात येते. मुंबईच्या एका दुकानानं साडेचार हजार सांगितले, तेही माल आल्यावर. तेवढ्यात हा विक्रेता भेटला. ‘दादा, हाँगकाँगवरून थेट मागवतो. खोकं जरा दबलंय, म्हणून अठ्ठावीसशे.’ बोलणं मराठीत आणि माहिती पक्की. तोफेची नळी भागांच्या कुठल्या पट्टीवर, फोटो-एचचा (बारीक भाग कोरलेला) पितळी पत्रा आहे का, सगळं घडाघडा सांगितलं. प्रत्येक पट्टीचा वेगळा फोटोही पाठवला. कॅश ऑन डिलिव्हरी तेवढी नाही, कारण माल परदेशातून येतो. यूपीआयनं पैसे गेले.

खरा खेळ पुढंच. काही दिवसांनी त्याचाच फोन, आवाज घाबरलेला. ‘दादा, लोचा झाला. खोक्यावर विमानविरोधी तोफेचं चित्र आहे ना, मुंबई कस्टमनं पार्सल अडवलंय. साहेबांचा तुम्हाला फोन येईल, शांतपणे बोला.’ आणि आलाच. हिंदीत, दरडावून. शस्त्राचा भाग मागवलाय, नावावर केस होईल, आज क्लिअरन्स भरला तर खेळणं म्हणून सोडतो. रक्कम अडतीसशे. मी हुज्जत घालायला लागलो तसा विक्रेत्याचा मेसेज आला, ‘दादा, चूक माझीपण आहे, निम्मे मी घालतो.’ त्यानं एकोणीसशे भरल्याचा स्क्रीनशॉटही टाकला. इथं माणूस गळतो. समोरचा स्वतःच्या खिशातून पैसे काढतोय म्हटल्यावर तो आपल्याच बाजूचा वाटतो. माझेही एकोणीसशे गेले.

खरं कस्टम असं काम करत नाही. ड्युटी बसलीच तर ती कुरिअर किंवा पोस्ट पावतीसकट वसूल करतं, कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर मागत नाही. कस्टमच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. असा फोन आला की आधी तो क्रमांक मागा, फोनवरचा साहेब लगेच गडबडतो.

आणि पार्सल आलं! याचंच मला सगळ्यात नवल वाटलं. लेबल देशातल्याच एका शहराचं, म्हणजे मालानं कस्टमचं दार पाहिलंच नव्हतं. आत खोकं नाही, बबलरॅपमध्ये गुंडाळलेले करड्या रेझिनचे तुकडे. मी उद्यमनगरात पॅटर्नशॉपला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतात तिथं, काम करतो, ओतीव माल हातात घेतला की कळतो. चाकाच्या आतल्या बाजूला ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, दाराच्या कडेला साच्याची फट जुळली नाही म्हणून उठलेली धार, तोफेची नळी वाकडी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं म्हणून आम्ही पॅटर्न साधारण एक टक्का मोठा धरतो. अस्सल किटवरून साचा काढून रेझिन ओतणारा तसं काही धरत नाही, त्यामुळं नक्कल मुळापेक्षा बारीक निघते. सांगलीच्या एका मित्राकडं खरं किट होतं, त्याचा हौदा आणि माझा व्हर्नियरला, बारीक माप घ्यायच्या पट्टीला, लावला, माझा दीड मिलिमीटरनं आखूड. काचांच्या पारदर्शक पट्टीऐवजी ओएचपीच्या प्लास्टिकचा चौकोनी तुकडा आणि गाडीवर चिकटवायची चिन्हं, डिकॅल, म्हणजे साध्या कागदावरची रंगीत झेरॉक्स. व्हर्नियर नसेल तर पातळ मॉडेल सिमेंटचा थेंब टाकून बघा. किटचं पॉलिस्टायरीन त्यानं विरघळतं, रेझिन ढिम्म राहतं.

हा भंगार माल तरी का पाठवायचा? कारण ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ उमटतं. मग तुम्ही तक्रार केली की तो म्हणतो, माल पोहोचलाय, दर्जावरून वाद आहे. फसवणुकीचं प्रकरण गिऱ्हाईक-दुकानदाराच्या भांडणावर आणून ठेवायचं, त्यासाठी हे शंभर-दोनशेचं रेझिन. म्हणून पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून शेवटच्या तुकड्यापर्यंत, मध्ये न थांबवता.

मी खडसावल्यावर त्यानं लगेच माफी मागितली आणि रिफंडसाठी क्यूआर कोड धाडला. स्कॅन केल्यावर पडद्यावर 4,700 आले, अगदी माझा हिशेब, आणि खाली पिन मागितला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. तिथं मी ॲप बंद केलं. इचलकरंजीच्या एकानं मात्र पिन टाकला आणि तेवढीच रक्कम परत गमावली.

1930 वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय क्रमांक, चॅट आणि दोन्ही फोन नंबर हाताशी ठेवा, तेच आधी विचारतात. आणि वेळ घालवू नका. ‘कस्टम’चे पैसे गेले ते खातं गोठलंय, पण किटचे अठ्ठावीसशे तक्रारीआधीच पुढं सरकले होते.

आता तो दुसऱ्या नावानं आलाय. या वेळी दुनळी तोफेचा पिकअप आणि दर बत्तीसशे. फोटो मात्र जुन्याच खेपेतले वापरलेत: पट्ट्यांखाली हिरवी कटिंग मॅट, तिचा डावा कोपरा फाटून पिवळ्या चिकटपट्टीनं जोडलेला. तुम्हाला कुणी असा फोटो पाठवला तर त्याच पट्टीवर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागा. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला, तेव्हा त्यानं मला ब्लॉक केलं.