गांजाचा परवाना: वॉशिंग्टन की ओरेगॉन?

अमेरिकेत कोलंबिया नदीच्या उत्तरेला वॉशिंग्टन राज्य, दक्षिणेला ओरेगॉन. गांजाविक्री दोन्हीकडे कायदेशीर, पण मालक कोण होऊ शकतो यावर मात्र दोघांचं जमत नाही.

वॉशिंग्टनमध्ये 2012 च्या जनमत कौलाने 3 महिन्यांच्या रहिवासाची अट आली. पुढे ती 6 महिने झाली. कंपनी असेल तर तिच्या प्रत्येक भागीदाराला हीच अट. म्हणजे आपल्या डोमिसाइलचंच भावंड, फक्त मुदत फारच माफक! बाहेरच्या एका इच्छुकाने याविरुद्ध दावा लावला, पण 2023 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने अट कायम ठेवली. मेन राज्यात मात्र वैद्यकीय गांजाबाबतची अशीच अट अपील न्यायालयाने 2022 मध्येच रद्द केली होती. राज्याराज्यांतल्या व्यापारात भेदभाव नको, हे त्यामागचं तत्त्व. पण केंद्राच्या कायद्याने जो धंदाच गुन्हा आहे, त्याला हे संरक्षण द्यायचं का, हा खरा पेच.

ओरेगॉनने 2015 मध्ये 2 वर्षांच्या रहिवासाची अट घातली आणि 2016 मध्ये स्वतःच काढून टाकली. बाहेरचं भांडवल आलं, परवाने भराभर वाटले गेले, माल खपापेक्षा कितीतरी जास्त पिकला. शेवटी 2022 मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. याचं खापर एकट्या बाहेरच्या पैशावर फोडणं चूक. परवान्यांच्या संख्येला आधीच मर्यादा नव्हती, हे मला मोठं कारण वाटतं.

खिशात पैसा कमी आणि मुक्काम जुना असेल, तर वॉशिंग्टनची अट सोयीची. गुंतवणूकदार बाहेरचा असेल, तर तिथे भागीदारीचं दार बंदच.