गादी रिकामी, भक्ती चालू : ब्रेस्लोव्ह आणि खबाद

हासिदी, म्हणजे भक्तिमार्गी ज्यूंमध्ये रेबीची, म्हणजे पंथाच्या गुरूची, गादी सहसा मुलाकडे किंवा जावयाकडे जाते. ब्रेस्लोव्ह या हासिदी पंथात ती १८१० पासून रिकामी आहे, खबाद या दुसऱ्या पंथात १९९४ पासून.

ब्रेस्लोव्हचे लोक रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, युक्रेनमधल्या उमानला आपले एकमेव रेबी नाखमान यांच्या समाधीवर जमतात. तिथं आधी दानधर्मासाठी नाणं द्यायचं, मग ठरलेली दहा स्तोत्रं म्हणायची: सुरुवात १६ व्यानं, शेवट १५० व्यानं. खरी कसोटी मात्र घरी लागते. रोज तासभर एकांतात, आपल्याच भाषेत देवाशी बोलायचं. वारी होते, हा तास सुटतो. मग उरते फक्त गर्दी.

खबादमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या, शेवटचे रेबी मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांच्या समाधीवर चिठ्ठी नेतात: आपलं नाव, आईचं नाव, मागणं. चामड्याचे जोडे काढायचे, चिठ्ठी वाचायची, फाडून तिथंच सोडायची. श्नीअरसन यांनी भक्तीला कामाला लावलं, ज्यू केंद्रं चालवायला जोडपी जगभर पाठवली. कुलाब्याचं नरिमन हाऊस त्यातलंच. आम्हाला हे अधिक मोलाचं वाटतं.

धोका दोन्हीकडे एकच: देवाऐवजी रेबीकडेच मागणं. ज्यू धर्मशास्त्राला ते मान्य नाही. खबादमध्ये काहीजण रेबींनाच मशीहा, म्हणजे येणारा तारणहार, मानतात, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.