शिक्षकांचा थकवा मोजणारी मास्लॅक प्रश्नावली
प्राथमिक शिक्षकांच्या कामातील दमछाकीची, म्हणजेच बर्नआउटची, पाहणी करू इच्छिणाऱ्या शाळांसाठी मास्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरीची शिक्षक-आवृत्ती हे भरवशाचे साधन आहे, पण ते एकटे पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मूळ साधनावर ती बेतलेली आहे. तिच्यात २२ विधाने असून प्रत्येक गोष्ट किती वेळा जाणवते, हे ० ते ६ या श्रेणीत नोंदवायचे असते.

भावनिक थकवा, विद्यार्थ्यांविषयीचा कोरडेपणा आणि कामातील सार्थकतेची भावना यांचे गुण ती वेगवेगळे ठेवते, आणि माझ्या मते हेच तिचे मोठे बळ आहे. दिवसभर त्याच लहान मुलांबरोबर असणारी शिक्षिका जेव्हा रडणाऱ्या मुलाला ‘काय झाले’ असे न विचारता ‘जागेवर बस’ एवढेच सांगू लागते, तेव्हा तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका सहज बसतो. तोच कोरडेपणा थकव्याच्या गुणांशेजारी ठेवून वाचला की तिला दटावण्याऐवजी तिचा भार हलका करावा, हे सुचते.

मात्र मुख्याध्यापकांनी वर्गासमोर केलेला पाणउतारा, रजेवरील शिक्षकांचे तास नेहमी एकाच व्यक्तीच्या माथी मारणे, शाळा सुटल्यानंतरही व्हॉट्सॲपवर येत राहणारे आदेश, सहकाऱ्यांचे टोमणे यांपैकी कशाचीही विचारणा ही प्रश्नावली करत नाही. त्यामुळे कोण थकले हे कळते, कशाने थकले हे कळत नाही, आणि व्यवस्थापनाला दोष शिक्षकाच्या स्वभावावर ढकलण्याची सोय होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही; नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाशी त्याचा संबंध जोडला आहे. म्हणून मास्लॅक आणि मायकेल लायटर यांची ‘एरियाज ऑफ वर्कलाइफ सर्व्हे’ ही दुसरी प्रश्नावली सोबत घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण ती कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला व दखल, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये अशा सहा बाजू तपासते.

उत्तरपत्रिकांवर नावे घेऊ नयेत, आणि त्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर तर मुळीच जमा करू नयेत. उत्तर कोणाचे हे ओळखू येणार असेल, तर खरे कोणी लिहिणार नाही. मास्लॅक प्रश्नावलीच्या वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. तो खर्च झेपत नसेल, तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली १९ प्रश्नांची कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी विनामूल्य वापरता येते. तिच्यात वैयक्तिक, कामाशी निगडित आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याशी निगडित थकवा स्वतंत्रपणे मोजला जातो.