जुन्या घराचे दरवाजे, तुळया आणि विटा: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

पाडायला काढलेल्या एका जुन्या घरातले तीन सागवानी दरवाजे, दोन खिडक्या, चार तुळया आणि बऱ्याच विटा आणून आम्ही आमच्या घरात वापरल्या, त्याला आता दहा महिने झाले. मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

लाकूड एक नंबर. पावसाळ्यात नवीन कपाटाचं दार फुगून घासायला लागलं पण हे दरवाजे एकदाही अडले नाहीत, कारण लाकूड इतकी वर्षं वाळलंय की पिळवटायचं तेवढं केव्हाच पिळवटून झालंय. फक्त आणल्या आणल्या बसवू नका, त्याच खोलीत दोन-तीन आठवडे आडवं ठेवा, मधे पट्ट्या घाला म्हणजे हवा खेळते. आम्ही खाली काळा कागद पण अंथरला होता. एका झडपेखाली चौथ्या दिवशी पिठासारखा बारीक भुगा पडलेला दिसला, म्हणजे कीड आत जिवंत! ती झडप तिथूनच बाहेर काढली.

तुळई कापली तेव्हा वरून काळीकुट्ट आणि आतून सोनेरी, आणि सागाचा तो तेलकट वास दोन दिवस घरात होता. सुतार पण हातातलं काम सोडून बघत बसला.

खिळ्यांचं मात्र मनावर घ्या. आम्ही दिसले तेवढे उपटले आणि एक डोकं तुटलेला खिळा आतच राहिला, मशीनच्या रंध्याचं पातं गेलं आणि तुकडा सुतारमामांच्या कानाजवळून उडाला. त्यानंतर प्रत्येक फळीवर चारी बाजूंनी चुंबक फिरवल्याशिवाय मशीन चालू केली नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, चांगला मास्क लावायचा, आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांच्यापासून लांबच.

विटांबद्दल माझं मत अर्धं-अर्धं. चुन्यातल्या बांधकामाच्या विटा हातोडीच्या हलक्या ठोक्यानं सुट्या होतात, सिमेंटमधल्या काढायला गेलं की वीटच फुटते, त्या नादी लागू नका. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या, खणखणीत आवाज आला तर ठेवायची, बद्द आला तर बाजूला. काही विटा २४ तास पाण्यात बुडवून वजन केलं, ३ किलोची वीट ३.६ च्या वर गेली की नको. आम्ही आतली, वजन न घेणारी एकच भिंत बांधली, तरी खालच्या दोन थरांना लोणा आलाय, पांढरी पावडर, कोरड्या ब्रशनं झाडली की पंधरा दिवसांनी परत येते. पुन्हा करायचं झालं तर जमिनीलगतच्या ओलीतल्या विटा घेणारच नाही.

खिडक्यांची चूक आमचीच, भिंतीत जागा आधी सोडली आणि खिडक्या नंतर मिळाल्या, मग चौकट बसवायला भिंत फोडावी लागली. सामान हातात आल्यावरच मापं काढा.

सळ्या, वायरी, जुने नळ घेतलेच नाहीत, आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे फुकट मिळाले तरी हात लावू नका.

पितळी बिजागऱ्या रॉकेलमध्ये रात्रभर भिजवल्या आणि अजून कुरकुर नाही. एक तुळई शिल्लक आहे, तिचा बाक करायचाय, चुंबक फिरवून झालंय, सात खिळे निघाले.