जुनं मशीन, स्कायरिम आणि नाव बदललेलं ग्राफिक्स कार्ड

जुन्या डेस्कटॉपवर स्कायरिम किंवा विचर ३ असे गेम खेळायचा बेत असेल आणि कुणी तुम्हाला 'नवं कोरं, सीलबंद' जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र स्क्रीनवर आणणारा भाग) निम्म्याहून कमी किमतीत देत असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी भरले होते. त्यातले काही परत मिळाले, काही गेले ते गेलेच.

आधी मशीनबद्दल सांगते, कारण सगळी फसवणूक मशीनच्या वयावरच उभी होती. माझ्याकडे एका ऑफिसने निकालात काढलेला डेस्कटॉप आहे. प्रोसेसर आय५-२४००, म्हणजे २०११ सालचा. रॅम ८ जीबी. पॉवर सप्लाय साधा, त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी सहा पिनांची वायर निघतच नाही. मूळ स्कायरिम, तेही २०११चंच, यावर सगळी सेटिंग तळाला नेली की कसंबसं चालायचं. पण तो गेम ३२-बिट. मशीनमध्ये कितीही रॅम असो, त्याला ४ जीबीच्या वर हातच लावता येत नाही, आणि मॉड (चाहत्यांनी बनवून गेममध्ये घातलेली भर) जरा जास्त झाले की बंद पडून तुम्हाला थेट डेस्कटॉपवर आणून सोडतो. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये आलेली स्पेशल एडिशन ६४-बिट आहे आणि मॉडचं ओझं पुष्कळ सोसते. फक्त तिला डायरेक्टएक्स ११ (गेमचं चित्र काढायची विंडोजमधली यंत्रणा) लागतं, आणि या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स १०.१लाच थांबतं. म्हणजे कार्ड घेणं आलं.

कोणतं घ्यायचं, हे जुनं मशीन वापरणाऱ्यांना पाठ असतं. १०५० टीआय. हेही २०१६चंच. मेमरी ४ जीबी, आणि ७५ वॉटमध्ये काम भागत असल्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळते तेवढी वीज पुरते. ऑफिसमधून निघालेल्या डब्यांना गेम खेळण्याजोगं करणारं कार्ड म्हणून त्याचं नाव झालं ते याच गुणामुळे. आपण नेमकं काय शोधतोय हे ठगांनाही ठाऊक असतं, म्हणून नकली माल याच नावाने जास्त फिरतो.

कार्ड आलं. खोका ठीकठाक, पंखा मोठा, स्टिकर चकचकीत. मागच्या बाजूला मॉनिटर जोडायचे पोर्ट: एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए. माझा मॉनिटरही जुनाच, तेव्हा व्हीजीए पाहून मला बरंच वाटलं. वरच्या कडेला सहा पिनांचं सॉकेट होतं आणि खोक्यात हार्ड डिस्कच्या वायरीला जोडायचं एक अडॅप्टर. शिवाय ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक सीडी.

सॉकेटबद्दल विचारलं तर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं. "ओव्हरक्लॉक एडिशन आहे मॅडम, तिला जादा पॉवर लागते." हे ऐकायला पटतं, कारण १०५० टीआयच्या काही अस्सल मॉडेलांना खरंच सहा पिनांचं सॉकेट असतं. लबाडीत खऱ्याची अशी एक काडी नेहमी असते. सीडीबद्दल मात्र तो आग्रही होता. "ड्रायव्हर आमच्या सीडीतूनच टाका. साइटवरचा टाकलात तर कार्ड बिघडेल आणि वॉरंटी जाईल."

टाकला. विंडोजने कार्डाचं नाव बरोबर दाखवलं, मेमरी ४०९६ एमबी दाखवली. स्पेशल एडिशन सुरू झाली. हात बांधून घोडागाडीतून हेल्गेन गावाला नेतात तो सुरुवातीचा भाग अडखळत का होईना पार पडला. गुहेतही ठीक. मग बाहेर पडून रिव्हरवुडच्या वाटेला लागले आणि झाडांची पानं काळी पडायला लागली. व्हाइटरन शहराच्या पश्चिमेकडच्या बुरुजावर ड्रॅगनशी पहिली लढाई होते, तिथे तर स्क्रीनच काळी. आवाज चालू, ड्रॅगनच्या आरोळ्या स्पष्ट ऐकू येतायत, चित्र गायब. पुन्हा सेव्ह उघडलं, पुन्हा त्याच जागी तेच.

आता फसवणुकीचा खरा भाग. नकली कार्ड विकणं ही तिची पहिली पायरी होती. दुसरी पायरी म्हणजे माल परत करायची मुदत संपेपर्यंत मला बोलण्यात गुंतवून ठेवणं, आणि त्यासाठी माझं मशीन त्यांच्या फार उपयोगी पडलं. नव्या मशीनवर असं झालं असतं तर पहिला संशय कार्डावर गेला असता. जुन्या मशीनवर प्रत्येक दोषाला आरोपी आधीच हजर असतो. "मॅडम, प्रोसेसर जुना आहे, कार्डाला पुरा पडत नाही." मग रॅम कमी. मग कार्ड बसवायचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.०, कार्ड ३.०, म्हणून. मग विंडोज १० जड, म्हणून. हे सगळं इतक्या आदबीने सांगितलं जायचं, की आपल्या मशीनची आपल्यालाच लाज वाटावी.

एकेक तपासून पाहिलं तर एकही कारण टिकत नव्हतं. स्पेशल एडिशनची अधिकृत किमान गरज आय५-७५० ही आहे, आणि तो माझ्या प्रोसेसरपेक्षाही जुना, २००९चा. रॅम ८ जीबीच मागितली आहे. ३.०चं कार्ड २.०च्या स्लॉटवर चालतं, या वर्गाच्या कार्डाला त्याने फारसा फरक पडत नाही. आणि विंडोजबद्दलचा सल्ला तर अफलातून होता: "विंडोज ७ टाका, हलकं पडेल." ज्याच्यावरून गेम विकत घेतात आणि उघडतात त्या स्टीमने विंडोज ७ आणि ८चा आधार १ जानेवारी २०२४ला काढून घेतला आहे. गेम हलका करायच्या नादात तो उघडायचीच पंचाईत झाली असती.

मग 'टेक्निशियन' आला. म्हणजे रिमोटवरून. ऑप्टिमायझेशनचं शुल्क वेगळं, आणि ते ज्या साइटवरून कार्ड घेतलं तिच्यामार्फत नाही, थेट खात्यात. "कंपनीचा विभाग वेगळा आहे मॅडम." त्याने काय केलं ते नीट लिहिते, कारण ही सेवा विकणारे पुष्कळ आहेत. डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये माय गेम्सखाली स्कायरिमप्रेफ्स नावाची आयएनआय फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून त्याने सावल्यांचं रिझोल्यूशन आणि सावल्या दिसण्याचं अंतर कमी केलं. गेमचं रिझोल्यूशन ७२०वर आणलं. गेम अर्थातच सुधारला, निदान थोडा वेळ. ही दोन्ही कामं कुणीही फुकट करू शकतं, गेमच्या लाँचरमध्ये त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींना बटणंच आहेत.

शिवाय त्याने एक 'रॅम बूस्टर' बसवला. त्यात एक तबकडी, बटण दाबलं की काटा लालवरून हिरव्यावर. असली सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा एवढंच करतात: चालू प्रोग्रॅमना रॅममधून हुसकून त्यांचा माल डिस्कवर लोटतात. रॅम रिकामी दिसते. पुढच्या क्षणी गेमला तोच डेटा लागला की तो डिस्कवरून परत आणावा लागतो, म्हणजे अडखळणं वाढतं. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर विचारूच नका. ८ जीबीच्या १६ जीबी करणारं सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही. आणि नंतर लक्षात आलं ते याहून वाईट: त्या माणसाने विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये बूस्टरचा फोल्डर अपवादाच्या यादीत घालून ठेवला होता. तो काढला, पूर्ण स्कॅन केला, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. रिमोटने कुणाला आत घेतलं असेल तर ही अपवादांची यादी आधी उघडून पाहा, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

छडा लागला तो टेक्स्चरच्या, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या, सेटिंगमुळे. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त टेक्स्चर खालच्या पातळीवर नेलं की काळी स्क्रीन यायला बराच वेळ लागायचा, वरच्या पातळीवर नेलं की लगेच. प्रोसेसर कमी पडत असता तर वेग घसरला असता, टेक्स्चरने एवढा फरक पडला नसता. टेक्स्चर राहतं कार्डाच्या मेमरीत. म्हणून कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर उतरवलं, त्यातला मेमरीचा आलेख चालू ठेवला आणि ड्रॅगनकडे गेले. आलेख १ जीबीच्या आसपास चढला आणि स्क्रीन काळी. ४ जीबीचं कार्ड पहिल्या जीबीतच मान टाकत होतं.

खरं तर आलेखापर्यंत जायची गरजच नव्हती. जीपीयू-झेडच्या पहिल्याच पानावर, कार्डाच्या नावाआधी, चौकटी कंसात 'फेक' असं लिहिलेलं होतं. चिप: जीएफ११६. शेडर (चित्राचं गणित करणारे भाग): १९२. तंत्र: ४० नॅनोमीटर. अस्सल १०५० टीआयमध्ये जीपी१०७ ही चिप असते, शेडर ७६८, १४ नॅनोमीटर. माझ्या हातात होतं ते जीटीएक्स ५५० टीआय, २०११ साली बाजारात आलेलं, ११६ वॉट खाणारं. सहा पिनांचं सॉकेट म्हणूनच होतं. आणि साध्या सप्लायच्या हार्ड डिस्कच्या वायरीवर मी ते चालवत होते, याची धास्ती मला नंतर वाटली.

करतात कसं, तर कार्डावर बायोसची एक चिप असते. कार्डाचं नाव काय, मेमरी किती, हे तीच मशीनला सांगते. ती पुन्हा लिहिता येते. खटारा स्कूटरला नव्या गाडीची नंबरप्लेट लावावी तसं हे. विंडोज प्लेट वाचतं, इंजिन उघडून बघत नाही. म्हणून विंडोजमध्ये किंवा गेमच्या मेनूत दिसणारं नाव हा पुरावा धरू नका. गेमसुद्धा त्या ४ जीबीवर विश्वास ठेवून माल भरत जातो, आणि खरी १ जीबी भरली की पुढचा माल ठेवायला जागाच नसते.

सीडीचा आग्रहही मग उलगडला. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा मूळ ड्रायव्हर असल्या कार्डावर एकतर बसायला नकार देतो, नाहीतर निळा स्क्रीन दाखवतो. सीडीतला होता तो जुना आणि फेरफार केलेला. व्हीजीएचंही तसंच. १०५० टीआयच्या पिढीने, म्हणजे पास्कलने, अ‍ॅनालॉग आउटपुट, जे व्हीजीएला लागतं, काढूनच टाकलं आहे. त्या नावाच्या कार्डाला व्हीजीए पोर्ट दिसला की तिथेच थांबा. मला जी सोय वाटली होती ती खरं तर साक्ष होती. जाहिरातीतल्या फोटोतही तो पोर्ट दिसत होता, म्हणजे हे पैसे न भरताही कळण्यासारखं आहे.

साइटकडे केलेल्या तक्रारीचा पहिला निकाल माझ्या विरुद्ध लागला. विक्रेत्याने विंडोजच्या खिडकीचा फोटो जोडला, नाव बरोबर, मेमरी बरोबर, झालं समाधान. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट 'कोणत्यातरी बाहेरच्या सॉफ्टवेअरचा' म्हणून बाजूला ठेवला गेला. मग मी पंख्यासकट हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) काढला, चिपवरची पेस्ट पुसली आणि तिच्यावर कोरलेल्या जीएफ११६चा फोटो पाठवला. त्यावर कुणाला बोलता येईना. (हे दुसऱ्या तक्रारीच्या वेळी करा, आधीच कार्ड उघडलंत तर छेडछाड केल्याचा ठपका तुमच्यावर येतो.) विक्रेत्याने मध्ये एक तडजोड सुचवली होती: कार्ड ठेवून घ्या, थोडे पैसे परत घ्या आणि पाच तारे द्या. त्याच्या पानावरचे बाकीचे तारे कुठून आले असतील याचा त्यामुळे अंदाज आला.

शेवटी बँकेच्या कार्डाने भरलेल्या पैशांबद्दल बँकेकडे हरकत नोंदवली, तोच चिपचा फोटो लावला आणि ग्राफिक्स कार्डाचे पैसे परत आले. टेक्निशियनचे आले नाहीत. ते मी स्वतः थेट खात्यात पाठवलेले, त्यामुळे साइट म्हणते आमचा संबंध नाही आणि बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. ज्यांच्याकडे आधीच असं कार्ड आहे त्यांनी जीपीयू-झेड २.१२.० किंवा त्यानंतरचंच वापरा. नकली ओळखायची सोय २०१८च्या त्या आवृत्तीपासून आली, त्याआधीच्या आवृत्त्यांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

पैशांच्या बदल्यात कार्ड परत पाठवावं लागलं. ते पुन्हा सीलबंद होऊन कुणाच्या तरी जुन्या मशीनसाठी निघणार हे उघड होतं, म्हणून पॅक करण्याआधी बोर्डाच्या मागच्या बाजूला मी न पुसणाऱ्या शाईने ठळक अक्षरांत 'जीटीएक्स ५५० टीआय, १ जीबी' असं लिहिलं. विक्रेत्याने त्यावर तक्रार केली की ग्राहकाने मालाचं नुकसान केलं आहे.