श्रीलंकेची रेल्वे: डोंगरातून जावं की समुद्रकाठानं?

श्रीलंकेत मोजकेच दिवस हाताशी आहेत आणि तिथल्या रेल्वेचा इतिहास रुळांवरूनच समजून घ्यायचा आहे, तर खरी निवड दोन मार्गांत आहे: कोलंबो ते बदुल्ला हा डोंगरातला आणि कोलंबो–गॉल–मातरा हा किनाऱ्याचा. जाफन्याचा तिसरा मार्ग वेगळ्या कारणासाठी करावा, त्याबद्दल पुढे.

बेटावरची पहिली गाडी २७ डिसेंबर १८६४ रोजी कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत, ५४ किलोमीटर धावली. बोरीबंदर–ठाण्यानंतर साडेअकरा वर्षांनी. रूळ आपल्याच मापाचे, १६७६ मिलिमीटर. डोंगरातली कॉफी बंदरावर आणणं हा या मार्गाचा हेतू होता. १८६७ मध्ये गाडी कँडीला पोचली, १८७४ ला नावलपिटियाला, १८८५ ला नानू ओयाला, १८९४ ला बंडारवेलाला आणि बदुल्लाला थेट १९२४ मध्ये. सुमारे २९० किलोमीटरला साठ वर्षं! दरम्यान तांबेरा रोगानं कॉफीचे मळे संपवले. नानू ओयाला गाडी पोचली तेव्हा न्यायला कॉफी उरलीच नव्हती. मार्ग तगला तो चहामुळे.

कर्जत–लोणावळा पाहिलेल्याला हा मार्ग चटकन उमगतो. रंबुक्कन हे तिथलं कर्जत: दुहेरी मार्ग इथं संपतो आणि जड गाडीला वर ढकलायला मागून बँकर इंजिन लागतं. भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे, कडुगन्नावाच्या घाटात ४५ ला १. चढ आपला जास्त, वळणं मात्र त्यांची कडक. वरच्या भागात वळणाची त्रिज्या १०० मीटरपर्यंत खाली येते, त्यामुळे वेग धरताच येत नाही. कोलंबो फोर्ट या मुख्य स्थानकाहून बदुल्लाला नऊ-दहा तास लागतात, पावसात दरड आली की त्याहून जास्त. वेळापत्रकाला चिकटून पुढचं विमान ठरवू नये.

वरच्या एकेरी मार्गावर एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघावी. फलाटावर उभा असलेला रेल्वेचा माणूस चालकाच्या हातात एक मोठी कडी देतो. तिला चामड्याची पिशवी आणि त्या पिशवीत धातूची चकती. चकती ज्याच्या हाती, पुढचा टप्पा त्याचा. समोरून गाडी येऊच शकत नाही. व्हिक्टोरियन काळातली ही पद्धत तिथं नेहमीचं काम म्हणून चालू राहिली आहे, शोभेची म्हणून नव्हे.

पट्टीपोला हे सर्वांत उंच स्थानक, सुमारे १८९० मीटरवर. त्यापुढचा बोगदा ओलांडला की हवा पालटते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अलीकडच्या उतारावर पडून जातो, म्हणून अलीकडे धुकं आणि पलीकडे ऊन असं पुष्कळदा घडतं. एल्ला सोडल्यावर नऊ कमानींचा पूल येतो आणि मग देमोदरा. तिथं स्थानकातून निघालेली गाडी डोंगराला वळसा घालून त्याच स्थानकाखालच्या बोगद्यातून बाहेर पडते. एवढ्या थोड्या जागेत उंची उतरवायला दुसरा मार्गच नव्हता.

किनाऱ्याचा मार्ग १८९४ मध्ये गॉलला आणि १८९५ मध्ये मातराला पोचला. तोवर कोलंबोच्या बंदराची लाटा अडवणारी भिंत बांधून झाली होती आणि मोठी जहाजं गॉल सोडून तिकडे वळली होती. म्हणजे इथंही गाडी पोचायला उशीरच झाला. तेव्हापासून हा मार्ग रोजच्या प्रवाशांचा. २०१९ मध्ये तो बेलिअत्तापर्यंत वाढला. फोर्ट ते गॉल अडीच तासांच्या आसपास. जाताना उजवीकडे बसावं, समुद्र त्याच बाजूला. संध्याकाळी कोलंबोहून सुटणारी गाडी टाळावी. कार्यालयं सुटलेली असतात, उभं राहायलाही जागा मिळत नाही. खारी हवा रूळ आणि त्यांची जोडणी कुरतडत राहते, हे इथलं कायमचं दुखणं.

हिक्कडुवाजवळच्या पेरलियाला २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीत गाडी सापडली. पहिल्या लाटेनंतर गावातले लोक आसऱ्यासाठी तिच्याच डब्यांत चढले होते आणि मग दुसरी, मोठी लाट आली. हजाराहून जास्त माणसं गेली. तिथं स्मारक आहे. गॉलला जाणाऱ्यानं तिथं थांबावंच.

जाफन्याचा मार्ग १९०५ चा. यादवी युद्धामुळे १९९० मध्ये उत्तरेकडची वाहतूक थांबली, रूळ उखडून खंदकांना वापरले गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जाफन्यात गाडी पुन्हा आली. हे रूळ भारतीय कर्जातून नव्यानं टाकले गेले. १९१४ चा तलाईमन्नार फाटा तर धनुष्कोडीच्या बोटीसाठीच होता, १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात धनुष्कोडीच गेलं. बेटाचा आजचा काळ समजून घ्यायचा असेल तर उत्तर गाठावी, रेल्वेचं बांधकाम बघायचं असेल तर नाही.

एकच दिवस असेल तर गॉल करावं. दोन किंवा जास्त असतील तर निःशंक डोंगर, पण सगळा एका दमात नको: पहिल्या दिवशी कँडीपर्यंत, दुसऱ्या दिवशी पुढे बदुल्ला. कँडी मुख्य मार्गावर नाही, पेरादेनियाहून फुटणाऱ्या फाट्यावर आहे. तिथं जाऊन पुढे निघणारी गाडी उलट दिशेनं सुटते, तेव्हा खिडकी निवडताना हे लक्षात घ्यावं. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या रुळांची मोठी हानी झाली, त्यामुळे तिकिटाआधी कोणता टप्पा चालू आहे ते विचारून घ्यावं. गाडी नसलीच, तरी कडुगन्नावाचं रेल्वे संग्रहालय कँडीहून रस्त्यानं गाठता येतं.